डोंगराची वाट मोकळी ठेवा

श्रावणातला रविवार होता. दुपारी अपघात विभागासमोर एक टेम्पो येऊन थांबला. मागच्या हौद्यात एक बाज, बाजेवर विशी-बाविशीतला मुलगा आणि बाज धरून बसलेली चार माणसं. धबधब्याच्या कडेला शेवाळलेल्या खडकावरून पाय घसरून तो दहा-बारा फूट खाली पडला होता. उजव्या मांडीचं हाड मोडलेलं, तोंड पांढरंफटक, हातपाय गार आणि नाडी जेमतेम हाताला लागणारी. मांडीचं हाड मोडलं की स्नायूंच्या आत लिटर-दीड लिटर रक्त सहज साचतं. बाहेर थेंबही दिसत नाही आणि माणूस आतल्या आत रिकामा होत जातो.

शिरेतून सलाइन सुरू केलं, पायाला फळीचा आधार दिला, वेदनेचं औषध दिलं आणि रक्त देण्याची व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याला पाठवलं. मुलगा वाचला, पायही वाचला. मला मात्र एक हिशेब छळत राहिला. पडल्यापासून आमच्या दारात पोचायला त्याला जवळजवळ तीन तास लागले होते आणि अंतर होतं चौदा किलोमीटर. १०८ ची रुग्णवाहिका वेळेवर निघाली होती. शेवटच्या दीड किलोमीटरवर ती अडकली, कारण अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सहलीला आलेल्यांच्या गाड्या लावलेल्या होत्या. तिला ना पुढे जाता येईना, ना वळता येईना.

बाज आणणाऱ्यांत साठीच्या घरातले एक शेतकरी होते. बाज त्यांचीच होती. हात धुताधुता म्हणाले, "सकाळी ह्याच पोरांसंगं माझी बाचाबाची झाली व्हती, साहेब. सोयाबीन तुडवीत निघाली व्हती. म्हणलं, बांधावरनं जावा, तर ऐकंनात." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पोरगं वाचंल ना?"

त्या जागेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण अशी जागा एकच नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मला पक्की पटली. डोंगरावर, रानात कसं वागायचं हा आपण शिष्टाचाराचा विषय समजतो. वैद्यकाच्या दृष्टीने तो प्रथमोपचाराचा पहिला धडा आहे. गाडी कुठे लावली, कुणाच्या शेतातून कसे गेलो, वस्तीवर दोन शब्द बोललो की नाही, यावर संकटात मदत किती वेळात पोचणार हे ठरतं.

बर्फातल्या माणसांचे नियम

माझा एक भाचा पुण्यात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात तो काश्मीरमध्ये गुलमर्गला स्की शिकून आला. तिथे त्याला काही वेगळीच मंडळी भेटली. ही मंडळी पाळण्यात बसून वर जात नाहीत. स्कीच्या तळाला एक खरखरीत पट्टी चिकटवतात, तिच्या आधाराने तासन्‌तास डोंगर चढतात आणि पट्टी काढून कुणी न आखलेल्या बर्फावरून खाली येतात. याला स्की टूरिंग म्हणतात. त्यात पोलीस नाही, शिट्टी नाही, तिकीट नाही. तरी नियम फार कडक, असं भाचा सांगत होता.

नियम ऐकून मला हसू आलं, कारण ते आपल्या शेतरस्त्यांच्या भांडणांसारखेच होते. चढणाऱ्यांनी तयार केलेल्या वाटेवर बुटांनी खड्डे पाडू नका, मागच्याला ती वाट वापरायची आहे. खाली माणसं असतील तर त्यांच्या डोक्यावरच्या उतारावर जाऊ नका, कारण तुमच्या वजनाने बर्फ सुटू शकतो. डोंगराच्या पायथ्याला गाडी अशी लावा की बर्फ काढणारं यंत्र आणि रुग्णवाहिका जाऊ शकेल. कुणाच्या जमिनीतून जायचं असेल तर आधी विचारा. आणि कुठे चाललो, कधी परतणार, हे कुणाला तरी सांगून निघा.

यामागे साधं वैद्यकीय कारण आहे. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्धा तास उलटला की गुदमरून ती शक्यता झपाट्याने घसरते. इतक्या वेळात सरकारी पथक पोचूच शकत नाही. सोबतचा माणूस किंवा शेजारच्या उतारावरचा अनोळखी गट हाच त्याचा डॉक्टर. २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन वर्षांच्या फेब्रुवारीत गुलमर्ग परिसरात हिमस्खलनाने परदेशी स्कीपटूंचे बळी घेतले, तेव्हाही सोबत्यांना आणि स्थानिकांना बाहेर काढायला धावावं लागलं. म्हणून तिथे अनोळखी माणसाशी नीट वागणं ही हौस नाही. उद्या तोच फावडं घेऊन येणार असतो.

वाशीला बर्फ पडत नाही. पण बालाघाटच्या डोंगरात पाण्यात बुडालेल्या, फुरसं चावलेल्या, वीज अंगावर पडलेल्या माणसाचा हिशेबही मिनिटांचाच असतो. सह्याद्रीत निदान काही ठिकाणी गिर्यारोहकांची अनुभवी बचाव पथकं तयार असतात. आपल्याकडे पहिला बचावकर्ता असतो तो शेजारच्या शेतातला माणूस. त्याच्याशीच भांडून आपण वर गेलेलो असतो.

जमीन कुणाची, वाट कुणाची?

"डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे का?" हा प्रश्न पायथ्याच्या प्रत्येक भांडणात ऐकू येतो. उत्तर असं की, बहुतेक वेळा तो कुणाचा तरी असतो. आपल्या भागातला एखादा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढलात तर तासाभरात चार मालकांच्या जमिनी ओलांडता. खाली खासगी शेत, त्यापुढे गावाचं गायरान, मग वन विभागाची हद्द आणि माथ्यावर देवस्थान.

नॉर्वेने १९५७ मध्ये कायदा करून मोकळ्या रानात कुणालाही पायी फिरण्याचा हक्क दिला. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने तसंच केलं. स्वीडनमध्ये तर ही जुनी रीतच आहे. पण या सगळ्यांत हक्काच्या जोडीला जबाबदारी आहे. उभ्या पिकातून जायचं नाही, घराच्या अंगणात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही. आपल्याकडे हौसेने फिरणाऱ्याला असा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा वाटेबद्दल बोलतात खरं, पण त्यांचा मुख्य उपयोग शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाता यावं यासाठी होतो. बांधावरच्या वाटेसाठी तहसीलदारांकडे किती खेटे घालावे लागतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्याने भांडून मिळवलेल्या वाटेवर आपण आडवी गाडी लावतो, तेव्हा त्याच्या रागाचं कारण वेगळं शोधायला नको.

वनजमिनीचे नियम आणखी काटेकोर आहेत. राखीव वनात आगंतुकपणे शिरणं, विस्तव पेटवणं हे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हे आहेत. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय प्रवेशच नाही. तिथले रहिवासी, सार्वजनिक रस्त्याने जाणारे अशांना तेवढी सूट आहे. आपल्या जिल्ह्यातलं येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं हे रान. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो इथवर आला होता. 'मोकळंच रान आहे, जाऊ की आत' असं म्हणणाऱ्यांनी एवढं जरी आठवलं तरी पुरे.

मग सामान्य माणसाने डोंगरात जायचंच नाही का? जायचं, जरूर जायचं. आपल्याकडे कायद्याआधीची एक समृद्ध रीत आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो भाविक चुन्याचे खडे वेचायला एका रानात उतरतात. इतकी माणसं, तरी कुठून जायचं, कुठे थांबायचं, पालखीला वाट कशी द्यायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. देवीच्या डोंगरावर आपण पायताण काढून, वाट देत-घेत चढतो. देऊळ नसलेल्या डोंगरावर गेलो की मात्र हीच माणसं बाटल्या फोडतात आणि मोठ्याने स्पीकर लावतात. शिस्त आपल्याला येत नाही असं नाही. ती डोंगराच्या पायथ्याशी आपण गाडीत ठेवून येतो.

रामलिंगची माकडं आणि आपला पाहुणचार

येडशीजवळचं रामलिंग पावसाळ्यात पाहण्यासारखं असतं. खोल दरी, हिरवे कडे, धबधबा आणि जटायूची आख्यायिका. तिथे माकडंही पुष्कळ. लोक प्रेमाने केळी, फुटाणे, बिस्किटं देतात. वरकरणी हे पुण्याचं काम, पण दवाखान्यात आम्हाला त्याची दुसरी बाजू दिसते. माणसाच्या हातून खायची सवय लागलेलं माकड हात रिकामा दिसला की पिशवी ओढतं, पिशवी सोडली नाही की ओरबाडतं, चावतं. यात बहुतेकदा लहान मुलं सापडतात.

माकड चावलं किंवा त्याच्या नखाने रक्त निघालं, तर कुत्रा चावल्यावर करतो तेच करायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी रुग्णालयात या. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि रक्त निघालेल्या जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. लशीचे ठरलेले सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून प्राण्यांना खायला न देणं हा नियम त्यांच्या भल्याचा आहेच, तुमच्या नातवंडांच्याही भल्याचा आहे.

उरलेलं अन्न टाकण्याचंही तेच. अन्न पडलं की कुत्री येतात, उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतात. फुटलेल्या बाटलीची काच सहलवाल्याला पुन्हा दिसत नाही. ती अनवाणी मेंढपाळाच्या टाचेत घुसते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला तो माझ्याकडे येतो. प्रातर्विधीला जावंच लागलं तर ओढ्या-विहिरीपासून किमान दोनशे फूट लांब जा, वीतभर खड्डा करा आणि तो बुजवा. खालच्या वस्तीची माणसं आणि गुरं तेच पाणी पितात. पहिल्या पावसानंतर गावात जुलाबाचे रुग्ण का वाढतात, याचं एक उत्तर या ओढ्यातून वाहत आलेल्या घाणीत असतं.

पाणी, दगड आणि वीज

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं. पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. असं पाणी वाढतं ते डोक्यावरच्या पावसाने नव्हे, तर वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाने. तुमच्याकडे ऊन असलं तरी दोन-तीन किलोमीटर वर ढगफुटीसारखा पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, तर फोटो काढत थांबू नका. सामान सोडा आणि कडेला, उंचावर या. गुडघाभर वाहतं पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलतं.

कुणी बुडत असेल तर पोहता येत असलं तरी भावनेच्या भरात उडी मारू नका. ओढणी, साडी, दोरी, लांब फांदी किंवा रिकामा झाकण लावलेला कॅन फेका. बाहेर काढल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात, उलटं टांगून फिरवण्यात वेळ घालवू नका. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. डोकं मागे करून, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने जोरात दाबा. तीस दाब, दोन श्वास, असं मदत येईपर्यंत करत राहा. आणि शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात आणा. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उफाळू शकतो.

दगडांचं म्हणाल तर आपल्या खडकाळ माळावर फुरसं बऱ्यापैकी आढळतं. वीत-दीड वीत लांबीचा, मातीच्या रंगाचा हा साप दगडाखाली, गवताच्या बुंध्यात बसून असतो. चूल मांडायला, बसायला दगड उचलण्याची हौस इथे महागात पडते. मळलेल्या वाटेवरून चाला, घोट्यावर येणारे बूट घाला, दगडाच्या कपारीत हात घालू नका, अंधारात बॅटरी वापरा. वाट सोडून न चालण्याचा नियम पिकासाठी आणि गवतासाठी चांगला, तसाच तुमच्या घोट्यासाठीही.

साप चावलाच तर चावलेला भाग हलवू नका, मोडलेल्या हाडाला देतो तसा काठीचा आधार द्या. अंगठी, बांगडी, पैंजण काढा. चिरा देऊ नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. साप मारून आणायची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. आमच्याकडे आलात की काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत तुमचं थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतो. गोठलं नाही, तर घोणस-फुरशाचं विष अंगात भिनलंय हे कळतं. विषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. देवळापुढे बसून घालवलेला एक तास मात्र तुम्हाला कुणी परत देऊ शकत नाही.

विजेकडे तर आपण दुर्लक्षच करतो. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात दरवर्षी माणसं आणि गुरं विजेने दगावतात. बालाघाटचे माथे सपाट आणि उघडे. तिथे उभा असलेला माणूस हाच सगळ्यांत उंच वस्तू ठरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' हे मोबाइल अॅप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, घोळक्याने उभे राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. आणि हे विशेष लक्षात ठेवा: वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने झटका बसत नाही. त्याचं हृदय आणि श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला आणि श्वास द्यायला सुरुवात करा. विजेने बंद पडलेलं हृदय अशा वेळी चालू होण्याची आशा बरीच असते. केवळ भीतीने लोक लांब उभे राहतात आणि वाचू शकणारा माणूस जातो.

आग्या मोहळाबद्दल एकच सांगतो. कड्याला मोहळ दिसलं तर तिथे विस्तव, धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून सरळ पळा, पाण्यात उडी मारू नका.

बाज हवी, मोटारसायकल नको

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. त्याचे मित्र त्याला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून आणणार होते. शेतकरी मामांनी ते होऊ दिलं नाही, म्हणून कदाचित तो चालू शकतो. मोडलेली मांडी मोटारसायकलवर लोंबकळत आणली तर हाडाचं टोक रक्तवाहिनी फाडू शकतं. मणक्याला मार असेल तर एका हिसक्यात माणूस कमरेखाली कायमचा लुळा होऊ शकतो. उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नका. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदम उचला आणि बाज, दार, फळी अशा सपाट कडक वस्तूवर ठेवा. मोडलेला पाय चांगल्या पायाला कापडाने बांधा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून दहा मिनिटं अजिबात न उचलता धरा. चहा-पाणी पाजू नका, पुढे भूल द्यावी लागू शकते. अंगावर घोंगडी घाला, कारण थंडावलेल्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही.

फोन लावताना १०८ किंवा ११२ लावा. वनहद्दीत अडचण आली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. 'धबधब्यापाशी या' एवढं सांगून भागत नाही. जवळचं गाव, वस्तीचं नाव, देऊळ, शाळा, किलोमीटरचा दगड यांतलं काहीतरी सांगा आणि एका माणसाला मुख्य रस्त्यावर उभं करा. ही नावं तुम्हाला केव्हा माहीत असतील? जाताना वस्तीवर थांबून "मामा, वाट कुठून आहे?" असं विचारलं असेल तेव्हाच. या एका प्रश्नात सगळं येतं. रस्ता कळतो, ओढ्याला पाणी किती आहे ते कळतं, पीक कुठे उभं आहे ते कळतं. आणि पाच पोरं वर गेलीत, अंधार पडला तरी खाली आली नाहीत, हे लक्षात ठेवणारा एक माणूस तुम्हाला मिळतो. बर्फातली मंडळी यासाठी वही ठेवतात. आपली वही म्हणजे वस्तीवरची माणसं.

बंदीपेक्षा शिस्त बरी

प्रत्येक मोठ्या अपघातानंतर बंदीचा आदेश निघतो. भुशीच्या घटनेनंतरही पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. प्रशासनाची अडचण मला कळते, पण डॉक्टर म्हणून बंदी मला आवडत नाही. मी ज्या पिढीवर उपचार करतो तिचा मधुमेह आणि रक्तदाब खुर्चीतून आलेला आहे. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटं चाला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मीही औषधाच्या चिठ्ठीवर ते लिहितो. डोंगर बंद झाले तर तोटा हुल्लडबाजांचा होत नाही, ते दुसरी जागा शोधतात. तोटा होतो तो पहाटे मुकाट्याने चढून जाणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाचा आणि निसर्ग दाखवायला मुलांना घेऊन जाणाऱ्या मास्तरांचा.

जबाबदारी गावाचीही आहे. पायथ्याला गाड्यांसाठी एक पडीक तुकडा ठरवणं, धोक्याच्या डोहापाशी ठळक पाटी लावणं, मोबाइलची रेंज कुठे मिळते ते लिहून ठेवणं, ग्रामपंचायतीत दोन दोर आणि एक स्ट्रेचर ठेवणं, चार तरुणांना छाती दाबण्याचं प्रशिक्षण देणं, याला फार पैसा लागत नाही. प्रशिक्षणासाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारा. एखादी दुपार काढायला आमच्यापैकी कुणीही आनंदाने तयार होईल.

या पावसाळ्यात मी त्याच वाटेने फिरायला गेलो होतो. अर्धा किलोमीटर अलीकडे, शाळेजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावली आणि चालत निघालो. मामा बांधावर गवत कापत होते. त्यांनी ओळखलं. चहा झाला. झाडाखाली तीच बाज होती, नवी सुंभ विणलेली. "त्या पोराच्या घरच्यांनी पाठवली व्हय?" मी विचारलं. "न्हाई, मीच विणली," ते म्हणाले. "पुन्हा कुणाला लागली तर असावी."

निघताना त्यांनी हाताने दाखवलं, "ह्या बांधावरनं जावा, साहेब. खाली निसरडं हाय." मी बांधावरून गेलो.